बाप म्हणवून घेणारा मालक

घरात लहान मूल असेल तर ‘टॉम अँड जेरी’ पाहिल्याशिवाय सुटका नसते. या मालिकेच्या जुन्या कार्टूनच्या सुरुवातीला पडद्यावर एक सिंह येतो, मान वळवतो आणि गर्जना करतो. तो सिंह ज्या कंपनीचा, तिचे नाव मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजेच एमजीएम. मुंबईत धोबीतलावला जे मेट्रो थिएटर आहे, तेही याच कंपनीने १९३८ मध्ये बांधले. ‘मेट्रोपाशी भेटू’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे नाव थेट अमेरिकेतून आले आहे?

या तीन नावांतले शेवटचे नाव लुई बी. मेयर या माणसाचे. १९२४ ते १९५१ अशी सत्तावीस वर्षे तो या स्टुडिओचा कारभारी होता. त्या काळात हॉलिवूडमध्ये त्याच्याइतका वजनदार माणूस दुसरा क्वचितच असेल. सिनेमा चांगला की वाईट, हा वाद आज आपण बाजूला ठेवू. मेयरविषयी लिहावेसे वाटले ते वेगळ्या कारणाने. हा माणूस आपल्या स्टुडिओला कुटुंब म्हणायचा आणि स्वतःला त्या कुटुंबाचा बाप समजायचा. त्याच्या या ‘घरात’ लहान मुलेही होती, आणि ती मुले कमावती होती. आज आपल्या घराघरात मोबाईलचा कॅमेरा आला आहे. म्हणून ही गोष्ट आपल्यालाही जवळची आहे.

मेयरचा जन्म रशियन साम्राज्यातल्या एका गरीब ज्यू कुटुंबात, १८८४ च्या आसपास झाला. नेमकी तारीख कोणालाच ठाऊक नाही. मोठेपणी तो आपला वाढदिवस ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी साजरा करायचा. ज्या देशाने भाकरी दिली त्याच्याशी नाते जोडण्याची ही त्याची रीत. गरिबीला आणि ज्यूंवरच्या अत्याचारांना कंटाळून अशी हजारो कुटुंबे तेव्हा समुद्रापार जात होती. मेयर कुटुंब आधी अमेरिकेत आणि मग कॅनडातल्या सेंट जॉन या बंदराच्या गावी स्थायिक झाले.

वडिलांचा धंदा भंगाराचा. लुईने बाराव्या वर्षी शाळा सोडली आणि तो वडिलांबरोबर भंगार गोळा करू लागला. वडील कठोर होते, आई मायाळू. आईवर त्याचा फार जीव. ती १९१३ मध्ये वारली, पण तिची आठवण त्याने जन्मभर जपली. पुढे स्टुडिओच्या उपाहारगृहात तिच्या पद्धतीने केलेले कोंबडीचे सूप रोज मिळेल अशी त्याने व्यवस्था केली. हे सूप वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

१९०४ मध्ये तो अमेरिकेत बॉस्टनला आला, लग्न केले, दोन मुली झाल्या. १९०७ मध्ये जवळच्या हेवरिल या गावात त्याने एक बदनाम, मोडकळीस आलेले नाट्यगृह घेतले. रंगरंगोटी केली, नाव बदलले आणि बायका-मुलांना घेऊन येता येईल असे खेळ तिथे लावले. जिथे जायला लोक लाजत होते तिथे कुटुंबे येऊ लागली. धंद्यातला हा पहिला धडा तो कधीच विसरला नाही : कुटुंबाला आवडेल ते दाखवा, गल्ला आपोआप भरेल.

पण गल्ल्यापुढे त्याला सगळेच दिसत होते असे नाही. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट आला. त्यात काळ्या लोकांची घोर बदनामी होती आणि त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या टोळीचे गुणगान होते. देशभर निषेध झाले. मेयरने न्यू इंग्लंड भागात तो दाखवण्याचे हक्क विकत घेतले आणि भरपूर पैसा कमावला. जो स्वतः छळाच्या मुलुखातून आला होता, त्याने दुसऱ्याच्या छळाची भलामण करणाऱ्या चित्रपटावर भांडवल उभे केले.

१९१८ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. १९२४ मध्ये थिएटरांचा मोठा मालक मार्कस लो याने मेट्रो, गोल्डविन आणि मेयर या तीन कंपन्या एकत्र केल्या. गंमत म्हणजे सॅम्युएल गोल्डविन या माणसाचा नव्या कंपनीशी संबंधच नव्हता, फक्त त्याचे नाव राहिले. कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओचा कारभार मेयरकडे आला. चित्रपटांची निर्मिती आयर्विंग थालबर्ग हा पंचविशीचाही नसलेला हुशार तरुण पाहू लागला. १९३६ मध्ये वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी थालबर्ग वारला. त्यानंतर सारा कारभार मेयरच्याच हाती एकवटला.

हा स्टुडिओ म्हणजे एक छोटे शहरच होते. तिथे हजारो माणसे काम करत. स्वतःचे पोलीस, दवाखाना, न्हावी, उपाहारगृह आणि शाळासुद्धा. आकाशात नसतील इतके तारे आमच्याकडे आहेत, अशी कंपनीची जाहिरात असे. १९३० च्या दशकातल्या महामंदीत इतर स्टुडिओ दिवाळखोरीच्या काठावर असताना ही कंपनी नफ्यात होती. १९३७ मध्ये मेयरची वर्षाची कमाई सुमारे १३ लाख डॉलर होती. अमेरिकेत तेव्हा सर्वाधिक पगार घेणारा माणूस तो. त्या काळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पगार होता ७५ हजार डॉलर.

हे तारे स्टुडिओत टिकून राहत ते करारामुळे. नट-नटीशी साधारण सात वर्षांचा करार होई. ठरावीक काळाने तो पुढे चालू ठेवायचा की संपवायचा, हे ठरवण्याचा हक्क मात्र एकट्या स्टुडिओचा. नट नापसंत भूमिका नाकारू लागला की त्याचा पगार बंद, आणि जितके दिवस तो घरी बसेल तितके दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. म्हणजे सात वर्षांची आठ होत, नऊ होत. एका स्टुडिओने आपला नट दुसऱ्याला भाड्याने द्यावा आणि वरचा पैसा स्वतः ठेवावा, हेही सर्रास चाले. कराराचे दिवस असे वाढवण्याची पद्धत १९४४ मध्ये मोडली. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीने वॉर्नर या दुसऱ्या स्टुडिओला कोर्टात खेचले आणि ती जिंकली.

पण मेयर फक्त कागदावर विसंबून राहणारा नव्हता. माणसाला जवळ घेऊन जिंकण्याची कला त्याला साधली होती. रॉबर्ट टेलर या नटाचा एक किस्सा हॉलिवूडमध्ये नेहमी सांगितला जातो. हा तरुण नट पगारवाढ मागायला मेयरकडे गेला. मेयरने त्याला छातीशी धरले, तू मला मुलासारखा आहेस म्हणाला, डोळ्यांत पाणी आणले. टेलर बाहेर आला तेव्हा कोणीतरी विचारले, पगार वाढला का? तो म्हणाला, पगार नाही वाढला, पण मला बाप मिळाला!

किस्सा ऐकून आपण हसतो. पण मार्च १९३३ मध्ये जे घडले ते ऐकून हसू येत नाही. देशातल्या बँका बंद पडल्या होत्या. मेयरने सर्वांना एकत्र बोलावले. दाढी वाढलेली, डोळे भरलेले, आवाज कापरा. आठ आठवडे सर्वांनी अर्धा पगार घ्यावा, अशी विनंती त्याने केली. लोकांचे मन भरून आले आणि त्यांनी होकार दिला. ही तीच कंपनी, जी मंदीतही नफ्यात होती. लोकांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लेखकांची आणि जूनमध्ये नटांची संघटना उभी राहिली.

खरे तर अशा संघटना उभ्या राहू नयेत म्हणूनच मेयरने आधी एक बंदोबस्त करून ठेवला होता. १९२७ मध्ये त्याच्या घरच्या बैठकीतून एका अकादमीची कल्पना निघाली. मालक, नट, दिग्दर्शक, तंत्रज्ञ सगळे एकाच छत्राखाली राहावेत, भांडणे घरातल्या घरात मिटावीत, हा त्यामागचा एक हेतू. ज्या ऑस्कर पारितोषिकांची बातमी दरवर्षी आपण वाचतो, ती याच अकादमीची. घरातली भांडणे घरात मिटवावीत, हे खऱ्या कुटुंबाला शोभते. पण जिथे एकाच्या हातात सर्वांची रोजी असते, तिथे ‘घरातल्या घरात’ याचा अर्थ मालक म्हणेल तसे, एवढाच उरतो.

आता त्या शाळेकडे वळू. आम्ही पेशाने शिक्षक, त्यामुळे आमची नजर तिकडे आधी जाते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे चित्रपटात काम करणाऱ्या मुलांना रोज तीन तास शिक्षण देणे बंधनकारक होते. म्हणून एमजीएमच्या आवारात एक छोटी शाळा होती. मिकी रूनी, ज्युडी गार्लंड, एलिझाबेथ टेलर अशी पुढे जगप्रसिद्ध झालेली मुले तिथे शिकली. पण तीन तास सलग मिळत नसत. एक दृश्य झाले की दहा-पंधरा मिनिटे गणित, हाक आली की पुन्हा दिव्यांसमोर. वर्गात ज्याने एकदा तरी शिकवले आहे त्याला ठाऊक असते की दहा मिनिटांत मुलाचे लक्ष जेमतेम वहीवर स्थिर होते. त्या शाळेतल्या बाईंना मुलांचे तास पुरे करून घेण्यासाठी रोज चित्रीकरणवाल्यांशी झगडावे लागत असणार. कायदा पाळला जात होता, पण तालीम होत होती का?

ज्युडी गार्लंड १९३५ मध्ये स्टुडिओत आली तेव्हा तेरा वर्षांची होती. त्याच वर्षी तिचे वडील वारले. आवाज असा की ऐकणारा थक्क व्हावा. पण ती इतर नट्यांसारखी सडपातळ नव्हती. मेयर तिला थट्टेने कुबडी म्हणायचा, असे तिच्या चरित्रांत आले आहे. तिचे वजन वाढू नये म्हणून स्टुडिओने तिच्या जेवणावर पहारा बसवला. उपाहारगृहात काहीही मागवले तरी आपल्यासमोर कोंबडीचे सूपच यायचे, असे ज्युडीने पुढे सांगितले. मेयरच्या आईचे ते सूप! आईच्या मायेची आठवण म्हणून सुरू केलेला पदार्थ एका वडील नसलेल्या मुलीसाठी उपासमारीची शिक्षा झाला.

एवढ्यावर भागले नाही. जागे राहण्यासाठी आणि भूक मरण्यासाठी गोळ्या, आणि काम संपल्यावर झोप यावी म्हणून वेगळ्या गोळ्या, असे तिने स्वतः सांगितले आहे. तिचा सहकारी मिकी रूनीने या व्यसनाचा दोष स्टुडिओला द्यायला नकार दिला, हेही नोंदवायला हवे. आणि दोष एकट्या मालकाचा नव्हता. आपल्या आईविषयीही ज्युडी आयुष्यभर कडूच बोलत राहिली. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ १९३९ मध्ये आला तेव्हा ती सतरा वर्षांची होती, साऱ्या जगाची लाडकी होती. १९५० मध्ये स्टुडिओने तिचा करार संपवला. १९६९ मध्ये लंडनमध्ये झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाल्याने ती गेली. वय ४७.

एलिझाबेथ टेलरची गोष्ट वेगळी. ती किशोरवयात असताना मेयर तिच्यासमोर तिच्या आईवर ओरडला, वाईट शब्द बोलला. मुलगी उठली, त्याला तिथल्या तिथे खडसावले आणि बाहेर पडली. माफी माग म्हणून सगळे मागे लागले, पण ती गेली नाही. त्याच्या खोलीत पुन्हा कधी पाऊल ठेवले नाही. ज्या माणसासमोर मोठमोठे नट थरथरत, त्याला एका मुलीने आईच्या इज्जतीसाठी सुनावले. स्टुडिओने तिला काढले नाही, कारण तिच्या चित्रपटांवर पैसा मिळत होता. ज्युडीने निमूट ऐकले आणि टेलर बोलली, एवढाच फरक नाही. टेलरला मायेने पाठीशी घालणारी आई होती, हा त्याहून मोठा फरक असावा.

मग प्रश्न येतो, आई-बाप असले की मूल सुरक्षित असते का? याचे उत्तर जॅकी कूगनने दिले. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मधला तो गोंडस मुलगा. नंतर त्याने एमजीएमसाठीही काम केले. लहानपणी त्याने तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. तो सज्ञान होण्याच्या काही महिने आधी, १९३५ मध्ये, वडील अपघातात गेले. आईने दुसरे लग्न केले. जॅकीने आपले पैसे मागितले तर उत्तर मिळाले की मुलाची कमाई कायद्याने आई-बापाची. १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. हाती आले फक्त १ लाख २६ हजार डॉलर. बाकीचे गाड्या, दागिने आणि चैनीत गेले होते. या प्रकरणामुळे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, तो आजही ‘कूगन कायदा’ म्हणून ओळखला जातो. आता तिथे बालकलाकाराच्या कमाईतला पंधरा टक्के भाग त्याच्या नावे वेगळा ठेवावा लागतो.

आपल्याकडेही नियम आहेत, फक्त पालकांना ते ठाऊक नसतात. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार मुलाला चित्रपटात, मालिकेत किंवा जाहिरातीत घेण्याआधी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जमा व्हावे लागतात, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. आणि शाळा बुडता कामा नये.

पण घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मोबाईल लावून मुलाला पुन्हा पुन्हा नाचवले जाते, बोलवून घेतले जाते, तेव्हा दारात कोणी अधिकारी उभा नसतो. तिथे दिग्दर्शकही आपणच, मालकही आपणच आणि आई-बापही आपणच. परवा एका पालकांनी आम्हाला कौतुकाने सांगितले, “पोरगा आत्ताच घर चालवायला हातभार लावतोय.” मुलगा बाजूलाच उभा होता. त्याला आम्ही विचारले, “तुला आवडतं का?” त्याने आधी वडिलांच्या तोंडाकडे पाहिले आणि मग मान हलवली. त्या उत्तराने आमचे समाधान झाले नाही.

मेयरचा शेवट सांगायचा राहिला. त्याला सर्वांत आवडणारे चित्रपट अँडी हार्डी या मुलाच्या मालिकेतले. छोटे गाव, शहाणे वडील, प्रेमळ आई, चुकणारा आणि वडिलांपुढे मन मोकळे करणारा मुलगा. आदर्श कुटुंबाचे हे चित्र दाखवल्याबद्दल स्टुडिओला अकादमीने खास पारितोषिकही दिले. मेयरच्या स्वतःच्या घरात मात्र १९४७ मध्ये घटस्फोट झाला. युद्धानंतर टीव्ही आला, प्रेक्षक घटले. न्यूयॉर्कमधले वरिष्ठ निकोलस शेंक आणि नवा निर्मितीप्रमुख डोर शॅरी यांच्याशी त्याचे खटके उडू लागले. १९५१ मध्ये त्याने निर्वाणीचे सांगितले की शॅरी तरी राहील किंवा मी. शेंकने शॅरीला निवडले. ज्याला तो आपले घर म्हणत होता, तिथून त्याला जावे लागले. तोही शेवटी नोकरच होता, हे त्याला त्या दिवशी कळले असेल.

ऑक्टोबर १९५७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. मृत्युपत्र उघडले तेव्हा कळले की थोरली मुलगी एडिथ हिच्यासाठी त्याने काहीच ठेवले नव्हते. तिच्या नवऱ्याचे राजकारण त्याला पटत नव्हते, हे त्यामागचे एक मोठे कारण. हजारो परक्यांचा बाप म्हणवून घेणाऱ्याने पोटच्या मुलीला अशा प्रकारे तोडले.

मेयर राक्षस नव्हता. भंगाराच्या गाडीमागून तो स्वतःच्या कष्टाने वर आला, आईला विसरला नाही, हजारो घरांच्या चुली त्याच्या स्टुडिओवर पेटत होत्या. त्याची माया अगदीच खोटी होती असेही म्हणवत नाही. पण त्या मायेचा हिशेब नेहमी एकाच बाजूने लिहिला जाई. मुलाने बापाला काय द्यायचे ते करारात असे, बापाने मुलाला काय द्यायचे ते त्याच्या मर्जीवर.

आपल्या घरातली तरुण मुले कारखान्यात, दुकानात, कंपनीत नोकरीला लागतात. “इथे आपण सगळे घरचेच” असे मालक म्हणाला तर आनंद मानावा, आणि नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांकही मागून घ्यावा. खरा घरचा माणूस कागदाला घाबरत नाही.

आणि ज्यांची मुले लहान वयात चार पैसे मिळवू लागली आहेत त्या अम्मी-अब्बूंना एवढेच सांगणे. मुलाच्या कमाईचा प्रत्येक रुपया ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. त्याच्या नावाचे खाते या आठवड्यात उघडा. पासबुक त्याला दाखवा, वाचायला शिकवा. आणि एखाद्या संध्याकाळी तो “आज नको” म्हणाला तर कॅमेरा बंद करा आणि त्याला खेळायला जाऊ द्या.